कात्रजचे डोंगर (भाग ४) : पावशाची घाई

गेल्या भागात घाटमाथ्यावरच्या गवताबद्दल लिहिलं होतं. आता मे महिना आहे, ते गवत वाळून करकरीत झालंय आणि खेड शिवापूरकडे निघालेल्या माणसाला हे डोंगर मेल्यासारखे दिसतात. पण इथली निम्मी लगबग याच दिवसांत चालते.

सकाळी ऊन चढायच्या आत जुन्या घाटाची झाडी गाठली, की आधी ऐकू येतो तो पावशा. कोकिळेच्या कुळातला, पण दिसायला थेट शिक्र्यासारखा, त्यामुळे तो फांदीवर बसला की लहान पक्षी आरडाओरडा करतात. त्याचं ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ टिपेला चढतं, तुटतं आणि पुन्हा खालून सुरू होतं. शेतकऱ्याला तो पेरणीची आठवण करून देतो, असं आपण मानतो. त्याची घाई मात्र स्वतःच्या संसाराची असते, तीही दुसऱ्याच्या जिवावर. पावशा घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते, आणि ते अंडंही सातभाईंच्या अंड्यांसारखंच निळं असतं. सातभाईंची वीण पावसाच्या आगेमागे जोर धरते, कारण पिलांना भरवायला अळ्या-किडे तेव्हा मुबलक मिळतात. म्हणजे पावशाचा डोळा सातभाईंवर, सातभाईंचा अळ्यांवर आणि अळ्यांचा कोवळ्या पालवीवर. पुढे मोसमी वाऱ्यांबरोबर येणारा चातकही आपली पिलं सातभाईंच्याच गळ्यात मारतो. दिवसभर कचाकचा भांडणारी ही टोळी मला फारशी कधी आवडली नाही, पण परक्यांची पिलं पोसण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

ही पालवी पाहायची तर बहाव्याखाली थांबावं. पिवळ्याधमक घोसांचे फोटो सगळेच काढतात, कोवळ्या पानांकडे कोणी बघत नाही. कॉमन एमिग्रंट हे फिकट रंगाचं फुलपाखरू तिथं अंडी घालतं. त्याच्या हिरव्या अळ्या पानांवर असूनही पटकन सापडत नाहीत. रस्त्याकडेची रुई भर उन्हातही हिरवी असते, आणि तिचा चीक विषारी म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत. प्लेन टायगरच्या अळ्या नेमकी तीच खातात. ते विष पुढे फुलपाखराच्या अंगातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायच्या मादीत विष नाही, पण रूप हुबेहूब प्लेन टायगरचं, तेवढ्यावर तिचं भागतं.

करवंदीच्या जाळ्या आता पिकल्यात. माणसांआधी बुलबुल तिथं पोचतात, फळं गिळतात आणि विष्ठेतून बिया डोंगरभर पेरतात. पेरणी म्हणायची तर ही. मे सरता सरता नवरंग येतो. तो जमिनीवरचा पालापाचोळा उलटत किडे टिपतो, म्हणून तो दिसतो कमी आणि त्याची दोन सुरांची शीळच जास्त ऐकू येते.

आता गिरिपुष्पाबद्दल, म्हणजे लोकांच्या भाषेत उंदीरमारीबद्दल. मूळची मध्य अमेरिकेतली ही वनस्पती पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावली गेली. ती झपाट्यानं वाढते आणि तोडली तरी पुन्हा फुटते. फेब्रुवारीत तिच्या गुलाबी फुलांवर भुंगे येतात, हे मान्य. पण मोई, सालई, मेडशिंगी, करवंदी यांच्या मिश्र झाडीत जी वर्दळ असते, तिचा अंशही या एकसुरी लागवडीत सापडत नाही. अळ्या नाहीत तिथं सातभाई नाहीत, मग पावशा कशाला येईल? डोंगर नुसता हिरवा करणं म्हणजे रान उभं करणं नव्हे.

उन्हाळ्यातला मोठा धोका वणव्याचा. रातवा घरटं करत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. वाळल्या पाचोळ्यात ती सहज नजरेला पडत नाहीत, मात्र आगीतून वाचत नाहीत. तेव्हा घाटात विडी-सिगारेटचं थोटुक टाकू नका, कोणी गवत पेटवताना दिसला तर त्याला हटका, आणि धूर दिसला की वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.