पत्रिकेवरची वेल आणि सतरंजीवरची वेल

अकोल्याच्या बाजारपेठेत लग्नसराईच्या पत्रिका, पेरणीच्या तोंडावर बियाण्यांच्या पिशव्या, डाळ मिलच्या पोत्यांवरील छाप आणि श्रावणात राजराजेश्वराच्या कावड-पालखीनिमित्त लागणारे मंडळांचे फ्लेक्स अशी छपाईची कामे एकामागून एक चालू असतात, आणि त्या प्रत्येकामागे रेघ, रंग व अक्षर जुळवणारा एखादा डिझायनर असतो. त्याच्या मेहनतीला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते पुष्कळ भक्कमही आहे. परंतु चित्र कोणत्या वस्तूवर उमटते त्यानुसार या संरक्षणाचे स्वरूप बदलते, आणि हा फरक ठाऊक नसल्यामुळे अनेकांचा हक्क कोणी हिरावून न घेताही निघून जातो.

प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, हा स्वतःच्या निर्मितीची नक्कल करू देण्याचा अथवा न देण्याचा हक्क होय. 1957 च्या प्रताधिकार कायद्यानुसार रेखाटन किंवा बोधचिन्ह ही ‘कलाकृती’ ठरते, तिच्यावरील हक्क ती कागदावर वा पडद्यावर उतरताक्षणी निर्माण होतो आणि कलावंताच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद उद्भवल्यास तिचा पुरावा म्हणून उपयोग होतो. संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. पत्रिकेवर मोर असावा ही कल्पना सर्वांची आहे, पण अमुक वळणाची मान आणि अमुक रीतीने पसरलेला पिसारा हा तो काढणाऱ्याचाच.

खरी गुंतागुंत यापुढे आहे. समजा, एका डिझायनरने फुलापानांची नवी वेल रेखाटली. ती लग्नपत्रिकेवर छापली गेली तर हजारो प्रती निघाल्या तरी तिचा प्रताधिकार अबाधित राहतो, कारण पत्रिका, दिनदर्शिका, लेबल यांसारख्या छापील गोष्टींकडे कायदा औद्योगिक वस्तू म्हणून पाहत नाही. तीच वेल सतरंज्यांसाठी पूर्वापार ओळखल्या जाणाऱ्या अकोटमध्ये एखाद्या सतरंजीच्या काठावर उतरली, किंवा साडीवर छापली गेली, की ती वस्तूच्या रूपाचा भाग बनते आणि 2000 च्या डिझाइन कायद्याच्या कक्षेत येते. त्या कायद्याच्या व्याख्येत यंत्राबरोबरच हाताने केलेली प्रक्रियाही समाविष्ट आहे. प्रताधिकार कायद्याचे कलम 15 सांगते की, नोंदणीस पात्र असूनही नोंदवले न गेलेले डिझाइन लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेद्वारे 50 पेक्षा अधिक वेळा तयार केली की त्या डिझाइनमधील प्रताधिकार संपतो. माल खपतो, मागणी वाढते आणि नेमक्या त्याच यशामुळे हक्क मावळतो, ही छोट्या कारागिराच्या दृष्टीने अत्यंत कठोर तरतूद आहे. डिझाइन नोंदवलेले असेल तर 10 वर्षांचे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी 5 वर्षांचे संरक्षण मिळते. परंतु अर्ज करण्यापूर्वी नमुना प्रदर्शनात मांडला किंवा समाजमाध्यमांवर टाकला, तर त्याचे नावीन्य संपून नोंदणीच धोक्यात येते.

मोठ्या नावांनाही कलम 15 चा हा नियम चुकलेला नाही. रितू कुमार या नाममुद्रेखाली कपडे विकणाऱ्या रितिका कंपनीने बिबा या कंपनीविरुद्ध नकलेचा दावा केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये हेच कलम लावून प्रताधिकाराचा दावा अमान्य केला. निव्वळ कलाकृती कोणती आणि तिच्यापासून घडवलेले औद्योगिक डिझाइन कोणते, हे ठरवण्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये क्रायोगॅस या कंपनीच्या प्रकरणात मांडली असून, वस्तूचे मुख्य प्रयोजन सौंदर्याचे आहे की उपयोगाचे, हा प्रश्न तिच्यात महत्त्वाचा मानला आहे.

हक्क मुळात कोणाचा, हा प्रश्न अकोल्यातल्या प्रेसमध्ये बहुधा ‘ओपन फाइल (म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल) द्या’ या मागणीबरोबर उभा राहतो. पगारी नोकरीतील कामावर, वेगळा करार नसल्यास, मालकाचा हक्क असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरने केलेल्या बोधचिन्हाचा हक्क मात्र सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. केवळ पैसे चुकते केल्याने किंवा कोरल ड्रॉची फाइल पेनड्राइव्हवर घेतल्याने तो ग्राहकाकडे जात नाही. (छायाचित्राबाबत नियम उलटा आहे: मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, ग्राहकाचाच पहिला हक्क असतो.) हस्तांतरणासाठी सहीचा लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तोंडी शब्दावर व्यवहार करण्याची वऱ्हाडी बाजाराची रीत विश्वासाची खरी, पण अशा प्रसंगी ती दोन्ही पक्षांना उघड्यावर पाडते.

हक्क विकल्यानंतरही निर्माता म्हणून नाव लावण्याचा आणि कामाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार प्रताधिकार कायद्याच्या कलम 57 मुळे कलावंताकडेच राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकताना त्याची हानी झाली म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये 5 लाख रुपयांची भरपाई मंजूर केली आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आदेश दिला, तो याच कलमाच्या आधारे.

दाद कोणत्या न्यायालयात मागायची याबाबतही प्रताधिकार व डिझाइन या दोन्ही कायद्यांत फरक आहे. प्रताधिकाराचा भंग झाल्यास फिर्यादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो, म्हणजे नक्कल करणारा मुंबईचा असला तरी अकोल्यात राहून काम करणाऱ्या डिझायनरला अकोल्यातच दाद मागता येते. डिझाइन कायद्यात ही सवलत नाही, तिथे प्रतिवादीचे ठिकाण किंवा जिथे भंग घडला ते ठिकाण पाहावे लागते. आणि नोंदणीच अवैध आहे असा बचाव प्रतिवादीने घेतला तर दावा उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो, अकोल्यात दाखल झालेल्या दाव्याच्या बाबतीत तो नागपूर खंडपीठापुढे जातो.