नेत्याचे अनुचित वक्तव्य आणि सार्वजनिक निवेदन : महाराष्ट्रातील काही प्रसंग

सार्वजनिक पदावरील व्यक्तीकडून अनुचित वक्तव्य वा वर्तन घडले की, तिच्या वतीने निवेदन तयार करणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : हे निवेदन नेमके कोणासाठी? बहुतेक निवेदने वार्ताहरांसाठी लिहिली जातात. ज्याचे मन दुखावले तो माणूस त्यांत कोठेच नसतो. अमेरिकन अभ्यासक विल्यम बेनॉइट यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रतिमा-पुनःस्थापनेच्या सिद्धांतात अशा वेळी अवलंबिले जाणारे पाच मार्ग सांगितले आहेत : नकार, जबाबदारी टाळणे, घटनेचे गांभीर्य कमी करणे, दुरुस्तीची कृती आणि क्षमायाचना. पहिले तीन मार्ग बचावाचे होत. शेवटच्या दोहोंत मात्र दुखावलेल्याची दखल घ्यावीच लागते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मोठ्या शहरांत अशा एखाद-दुसऱ्या घटना घडतात, या आशयाचे उद्गार हिंदीत काढले. विधानाचा विपर्यास झाल्याचा खुलासा पुढे आला. परंतु शोकाकुल शहराला खुलासा नको होता. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्यामागे सुरक्षेतील अपयशाचे कारण मोठे होते हे मान्य करूनही, लोकांच्या स्मरणात राहिले ते एक वाक्यच. सुसंस्कृत व साधा अशी प्रतिमा असलेल्या नेत्याच्या बाबतीत हे घडावे, हे विशेष.

एप्रिल २०१३ चा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. राज्यात तीव्र दुष्काळ होता आणि उजनी धरणात पाणी सोडावे यासाठी सोलापूरचा एक शेतकरी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणास बसला होता. इंदापूर तालुक्यातील निंबोडी येथील सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याच्या मागणीची अश्लाघ्य शब्दांत थट्टा केली. धरणात पाणीच नाही तर काय लघवी करायची, असा त्या उद्गारांचा आशय होता. भारनियमनामुळे मुले अधिक जन्मतात, अशीही मल्लिनाथी त्यांनी केली. वीज गेली की यंत्रमाग थांबतो आणि त्याबरोबर कामगाराची मजुरीही थांबते, हे पिढ्यान् पिढ्या अनुभवणाऱ्या भिवंडीसारख्या गावाला त्या विनोदातील क्रौर्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे जे झाले ते बेनॉइट यांच्या शेवटच्या मार्गाचे उदाहरण होय. पवारांनी माफी मागितली. शरद पवार यांनीही ते वक्तव्य अनुचित ठरवून दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे पक्षाने बचावाची फळी उभारली नाही. विधिमंडळात गदारोळ झाला, राजीनाम्याची मागणी झाली. अखेर १४ एप्रिल रोजी अजित पवार यांनी कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधिस्थळी दिवसभर आत्मक्लेश उपोषण केले. टीकाकारांनी त्यास नाटक म्हटले, आणि ती शंका निराधार नव्हती : क्लेश समाधीपाशी झाला, अपमान मात्र आझाद मैदानावरील उपोषणकर्त्याचा झाला होता. तरीही ती माफी निःसंदिग्ध होती, हे नोंदवावे लागेल. उपमुख्यमंत्रिपद त्यांनी सोडले नाही.

२९ जुलै २०२२ रोजी तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुंबई-ठाण्यातून गुजराती व राजस्थानी निघून गेल्यास येथे पैसाच उरणार नाही, असे विधान केले. ठाणे जिल्ह्यातील कष्टकऱ्यांना ते झोंबणे स्वाभाविक होते. प्रथम हेतूचा खुलासा आला, आणि १ ऑगस्टला क्षमायाचना. मधल्या दिवसांत खुलाशाने रोष शमला नाही. कारण खुलासा वक्त्याचा हेतू सांगतो, श्रोत्याचा प्रश्न परिणामाविषयी असतो.

येथे जनसंपर्क अधिकाऱ्याची खरी अडचण लक्षात येते. त्याचे वेतन पदासाठी, म्हणजेच जनतेच्या पैशातून असते. आदेश मात्र व्यक्तीकडून येतो. शासकीय यंत्रणेने पाणी किती आहे, कोठे सोडले, हे अचूक सांगावे. उद्गारांचे समर्थन करणे हे तिचे काम नव्हे. माफी ज्याची त्यानेच, आपल्या तोंडाने मागावयाची असते. महाविद्यालयातही प्राचार्य वा पदाधिकाऱ्याच्या वर्तनाबाबत तक्रार आली असता खुलाशाचा मसुदा बहुधा एखाद्या कनिष्ठ प्राध्यापकाकडे सोपविला जातो, आणि त्या मसुद्यातील पहिले वाक्य संस्थेच्या उज्ज्वल परंपरेविषयी असते.