परदेशी विद्यार्थ्याचे बँकखाते : शुल्क आणि शब्द

पुण्यात परदेशातून अध्ययनासाठी येणाऱ्यांची परंपरा आता जुनी झाली आहे. १९५० नंतरच्या दशकात डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची जी अध्यापनसत्रे भरली, त्यांच्या निमित्ताने परदेशी विद्वान येथे येऊन राहिले. १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने मराठीच्या अध्यापनासाठी पुण्याची निवड केली. आणि १९७१ साली डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी सिंबायोसिस स्थापन केली ती तर परदेशी विद्यार्थ्यांची येथील परवड पाहूनच. या पाहुण्यांच्या निवासाचा, आहाराचा आणि भाषेचा विचार आपण पुष्कळ केला. त्यांच्या पैशांचा मात्र फारसा केलेला नाही.

प्रस्तुत लेखकाचे या विषयाकडे लक्ष गेले ते एका शब्दामुळे. आमच्या विभागात पूर्व आशियातून आलेली एक संशोधक विद्यार्थिनी एके दिवशी आपले पासबुक घेऊन आली आणि त्यातील ‘एम्. ए. बी.’ या अक्षरांचा अर्थ विचारू लागली. त्यांतील पहिली दोन अक्षरे माझ्या चांगल्या परिचयाची असली तरी तिसऱ्याचा उलगडा मला होईना. पुढे कळले की, ही अक्षरे ‘मासिक सरासरी शिल्लक’ या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेची असून ती शिल्लक न राखल्याबद्दल तिच्या तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून आठ महिने दंड वजा होत होता. तिने खाते उघडले होते ते वसतिगृहास सर्वांत जवळ असलेल्या शाखेत, आणि दरपत्रकावर तिची सही होती. भाषाविज्ञानाच्या विभागात असूनही आम्हांपैकी कोणी तो कागद वाचला नव्हता, ही गोष्ट मला आजही टोचते.

अल्प शुल्काचे खाते कसे निवडावे, याचे उत्तर सामान्यतः आकड्यांत शोधले जाते. परंतु आकडा कोणास लागू होतो हे ठरविते व्याख्या, आणि बँकव्यवहारातील व्याख्या आपल्या रोजच्या भाषेशी फार सैल नाते ठेवून असतात. याची दोन उदाहरणे पुढे दिली आहेत. तिसरे उदाहरण अशा शुल्काचे आहे की ज्यास दरपत्रकात मुळी नावच नसते.

पहिला शब्द ‘अनिवासी’. पुण्यात तीन वर्षे राहून पीएच्. डी. करणारी व्यक्ती येथील रहिवासी आहे, असे कोणीही म्हणेल. तथापि परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ (हा १ जून २००० पासून अमलात आला) केवळ वास्तव्याचे दिवस मोजून थांबत नाही. तो येण्याचा हेतूही विचारतो. नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आलेला परकीय एका बाजूस, आणि ठरावीक कामासाठी येऊन परत जाणारा दुसऱ्या बाजूस. म्हणून नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी प्राध्यापकास निवासी बचत खाते मिळू शकते, परंतु त्याच इमारतीत बसणाऱ्या त्याच्याच देशाच्या विद्यार्थ्यास ‘अनिवासी साधारण’ म्हणजे एन्. आर्. ओ. खाते उघडावे लागते. (एन्. आर्. ई. या नावाचे खाते भारतीय नागरिक व भारतीय वंशाच्या व्यक्ती यांच्यासाठी आहे. इतरांनी त्याच्या जाहिरातींकडे पाहू नये.) बँकेत गेल्यावर ‘विद्यार्थ्यांचे शून्य शिल्लक खाते’ मागितले असता नकार येतो, तो बहुधा या भेदामुळे. ती योजना निवासी विद्यार्थ्यांसाठी आखलेली असते. तेव्हा प्रश्न नेमका असा विचारावा : ‘परदेशी विद्यार्थ्याच्या एन्. आर्. ओ. बचत खात्यास किमान शिल्लक किती, आणि ती न राखल्यास आकार किती?’

या भेदाचा दुसरा परिणाम करावर होतो. एन्. आर्. ओ. खात्यावरील व्याजातून बँक ३० टक्के दराने आणि त्यावर ४ टक्के अधिभार धरून करकपात करते. अडीच टक्के दराने वर्षास १,००० रुपये व्याज झाले, तर ३१२ रुपये कापले जातात. गंमत अशी की, आयकराच्या कायद्यात ‘निवासी’ची व्याख्या निराळी आहे. वर्षात १८२ दिवस वा अधिक येथे राहिलेला विद्यार्थी करापुरता निवासी ठरतो, खाते मात्र अनिवासीच राहते. आणि कापलेली रक्कम परत मिळवावयाची तर पॅन क्रमांक घेऊन विवरणपत्र भरावे लागते. रक्कम लहान असल्याने बहुतेक जण हा खटाटोप करीत नाहीत. व्याजदराच्या मोहाने मोठी ठेव ठेवणाऱ्याने तो अवश्य करावा. जाता जाता एवढे नमूद करतो की, ‘व्याज’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मिष किंवा कपट असा आहे; ‘व्याजस्तुती’त तो अजून जिवंत आहे.

खाते उघडण्यासाठी पारपत्र, त्यावरील व्हिसा व आगमनाची नोंद, छायाचित्र आणि शिक्षणसंस्थेचे प्रवेशपत्र पुरते. स्थानिक पत्त्याचा पुरावा नसल्यामुळे खाते नाही, आणि खाते नसल्यामुळे भाडेकरार नाही, हे जुने दुष्टचक्र रिझर्व्ह बँकेने २०१३ साली तोडले. पत्त्याचा पुरावा खाते उघडल्यापासून ३० दिवसांत द्यावयाचा. तोवर परदेशातून १,००० डॉलरपर्यंत रक्कम येऊ शकते आणि महिन्यास ५०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. ही सवलत पुष्कळ शाखांतील कर्मचाऱ्यांना ठाऊक नसते. विभागप्रमुखाने पत्रात तिचा उल्लेख केल्यास काम सुकर होते, असा माझा अनुभव आहे. पाकिस्तानी नागरिकांस रिझर्व्ह बँकेची पूर्वानुमती लागते, आणि बांगलादेशी विद्यार्थ्यांसाठीही काही निराळे नियम आहेत.

एका सत्रापुरते येणाऱ्यांनी आणखी एक अट ध्यानात ठेवावी. खाते सहा महिन्यांपेक्षा अधिक चालविलेले नसेल आणि त्यात व्याजाखेरीज येथील कोणताही पैसा जमा झालेला नसेल, तर जाताना उरलेली सर्व रक्कम बँक खातेदारास देऊ शकते. आता कल्पना करा की, सहनिवासी मैत्रिणीने खोलीभाड्याचा आपला वाटा मोबाइलवरून या खात्यात भरला. पाच हजारांची ती रक्कम म्हणजे ‘स्थानिक निधी’. आणि साध्या सुटकेची वाट तेथेच बंद होते. अशा अभ्यासकाने खात्यातून पैसे द्यावेत, परंतु खात्यात घेऊ नयेत. दीर्घकाळ राहणाऱ्यांची स्थिती बरी आहे. २०१६ च्या विनियमांनुसार अभ्यासक्रम पुरा केलेल्या परदेशी विद्यार्थ्यास परदेशातून आलेली शिल्लक, तसेच भारतातील शासनाकडून वा संस्थेकडून मिळालेल्या विद्यावेतनातील शिल्लकही मायदेशी नेता येते. मात्र ती रक्कम कोठून आली हे दाखविणारे कागद लागतात; म्हणून शिष्यवृत्तीचे प्रत्येक पत्र जपावे.

दुसरा शब्द ‘महानगर’. पुणे महानगर आहे काय? किमान शिल्लक ठरविताना बँका बहुधा लोकसंख्या पाहतात. दहा लाख व त्याहून अधिक वस्तीचे गाव महानगर, या हिशेबाने पुणे निःसंशय महानगर ठरते, आणि येथील खातेदारास सर्वांत चढा दर लागतो. परंतु ए. टी. एम्. च्या नियमांत महानगरे सहाच : मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद. तेथे पुणे त्या यादीत नाही, आणि त्यामुळे पुणेकरास दुसऱ्या बँकांच्या यंत्रांवर महिन्यास तीनऐवजी पाच व्यवहार निःशुल्क मिळतात. स्वतःच्या बँकेचे पाच याशिवाय. त्यापुढील प्रत्येक व्यवहारास १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आकार आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. एकच शहर एका परिपत्रकात महानगर असते आणि दुसऱ्यात नसते. पुणेकरांच्या अभिमानास हे कितपत रुचेल कोण जाणे.

किमान शिल्लक ही बहुधा रोजच्या शिलकेची सरासरी असते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. दहा हजारांची सरासरी हवी याचा अर्थ दहा हजार रुपये सतत पडून हवेत असा नाही. तीस दिवसांच्या महिन्यात पाच दिवस साठ हजार रुपये राहिले आणि पुढे खाते जवळजवळ रिकामे झाले, तरी सरासरी भरते. आमच्या विद्यार्थिनीची तिमाही रक्कम एकदम येत असे; ती दुसऱ्याच दिवशी सारी काढून खोलीत ठेवण्याची तिची सवय नसती, तर आलेल्या महिन्यापुरता तरी दंड टळता. दंडासही मर्यादा आहेत. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे बँकेने प्रथम खातेदारास सूचना द्यावी व महिनाभर वाट पाहावी, आकार तुटीच्या प्रमाणात असावा, आणि केवळ दंडामुळे खाते शून्याखाली जाऊ नये. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील हा आकार रद्द केला, आणि २०२५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील आणखी काही बँकांनी तो मार्ग धरला. याउलट आय्. सी. आय्. सी. आय्. बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये महानगरांतील नव्या खात्यांची किमान शिल्लक ५०,००० रुपये केली आणि ओरड होताच ती १५,००० वर आणली. आपल्या प्रकारच्या खात्यास सूट आहे किंवा कसे, हे मात्र लेखी विचारून घ्यावे.

आता तिसऱ्या, निनावी शुल्काकडे वळतो. पेशवाईतल्या पुण्यात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशी अनेक नाणी चालत. एक रुपया देऊन दुसरा घेताना सराफ जी वजावट करी तिला ‘बट्टा’ म्हणत. शब्द उघड होता आणि दरही उघड होता. ‘नावाला बट्टा लागणे’ या प्रयोगात आपण आजही त्याच घटीची भाषा बोलतो. आधुनिक बँकेत हा बट्टा नाहीसा झालेला नाही. नाहीसा झाला आहे तो शब्द. परदेशी चलनाचा बाजारातील दर एक, आणि बँक खातेदारास देते तो दर त्याहून कमी. या अंतरास दरपत्रकात रकाना नसतो. ‘परदेशातून येणाऱ्या रकमेस शुल्क नाही’ असे विधान या अर्थाने खरे असूनही दिशाभूल करणारे असू शकते.

याचे प्रमाण पाहू. एखादा विद्यार्थी वर्षास ६ लाख रुपयांइतकी रक्कम घरून मागवितो आणि दरात शेकडा दोनची तफावत आहे असे धरले, तर त्याचे वर्षास १२,००० रुपये जातात. त्यापुढे यंत्राचे २३ रुपये कोठे, आणि किमान शिलकेचा दंड तरी कोठे! शिवाय चलनबदलावर कर असतोच. ५०,००० रुपयांच्या रकमेस तो ९० रुपये पडतो. पाठविणारी बँक आणि आपली बँक यांच्यामध्ये एखादी मध्यस्थ बँक असल्यास तीही आपला वाटा काढून घेते. पाठविताना खर्च कोणी सोसावयाचा, पाठविणाऱ्याने, घेणाऱ्याने की दोघांनी वाटून, हे निवडता येते. ते घरच्यांना आधी सांगून ठेवावे. प्रत्येक खेपेस ठरावीक आकार पडत असेल तर बारा लहान रकमांपेक्षा चार मोठ्या रकमा स्वस्त. दोन बँकांची तुलना करावयाची तर एकाच दिवशी, एकाच वेळी दोघींना विचारावे, की आज इतके येन वा युरो आले तर खात्यात नेमके किती रुपये जमा होतील. या एका आकड्यात सर्व निनावी शुल्के येतात. चलनबदल करणाऱ्या खासगी सेवांचे दर कित्येकदा बँकांहून बरे असतात. परंतु त्यांमार्फत आलेल्या रकमेचे परदेशी प्रेषणाचे प्रमाणपत्र मिळते की नाही, हे प्रथम पाहावे. ते नसल्यास तोच पैसा जाताना ‘परदेशातून आलेला’ म्हणून सिद्ध करणे कठीण.

आपले विद्यार्थी बाहेर जातात तेव्हा हेच प्रश्न आरशातल्याप्रमाणे उलटे होतात. जर्मनीच्या व्हिसासाठी बहुधा वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, एका बंद खात्यात आधी ठेवावी लागते आणि ती महिन्यास ९९२ युरो अशी हाती येते. तेथे कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या प्रत्येकास मूलभूत खात्याचा हक्क २०१६ पासून आहे. आणि हक्काचे खाते महागडे करून तो निरर्थक करता येणार नाही, अशा आशयाचा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. येथून निघालेल्या विद्यार्थ्याने पुण्यातील आपले बचत खाते एन्. आर्. ओ. करून घ्यावयाचे असते, हे शेकडा किती जणांस ठाऊक असते, याची मला शंका आहे. ज्या वर्गात ते आपल्या परदेशी सहाध्याय्याचे ‘अनिवासी’पण पाहून हसले, तोच शब्द त्यांच्या पासबुकावर उमटतो.

स्वस्ताईच्या भरात बँकेची प्रकृती विसरू नये. १९१२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला, हे उदाहरण ताजेच आहे. ठेवविमा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि तो एन्. आर्. ओ. ठेवीसही लागू आहे. परंतु ज्याचा व्हिसा मार्चमध्ये संपतो त्याला विम्याचा पैसा पुढे केव्हा तरी मिळून काय उपयोग?

राहता राहिले खाते बंद करणे. परतणारे विद्यार्थी कार्ड खणात टाकून विमानात बसतात. दोन वर्षे व्यवहार न झाल्यास खाते निष्क्रिय होते. निष्क्रिय खात्यावर किमान शिलकेचा दंड लावता येत नाही, परंतु तोवरच्या दोन वर्षांत तो लागू शकतो. दहा वर्षांनंतर उरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते, आणि तेथून ती मागता येत असली तरी परदेशातून तो पत्रव्यवहार कोण करणार! खाते बंद करण्याचा अर्ज निघण्यापूर्वी किमान तीन आठवडे द्यावा, कारण उरलेली रक्कम बाहेर पाठविण्याचे कागद निराळे असतात आणि त्यांवर खातेदाराची प्रत्यक्ष सही लागते. आमच्या विद्यार्थिनीने गेल्या मे महिन्यात तसा अर्ज दिला. पत्र मी तपासून दिले. त्यात एकही संक्षेप ठेवला नाही.