घरातील ऑर्किडचे दुखणे : आधी निदान, मग औषध

कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालविलेल्या माणसाने ऑर्किडच्या रोगांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे काही ठाऊक आहे ते पुस्तके वाचून आणि खिडकीतल्या कुंड्या रोज न्याहाळून मिळविलेले. परंतु आमच्या कामाने शिकविलेली एक गोष्ट येथे फार उपयोगी पडते. कारखान्यात माल खराब निघाला की पहिला ठपका यंत्रावर उभ्या असलेल्या माणसावर येतो. नीट चौकशी झाली तर पुष्कळदा असे आढळते की, कच्चा माल निकृष्ट होता किंवा यंत्राला वेळेवर तेल मिळाले नव्हते. चौकशीवाचून दिलेली शिक्षा जशी अन्यायाची, तसे निदानावाचून मारलेले औषध व्यर्थ. आणि घरातील कुंडीच्या बाबतीत ते केवळ व्यर्थ नसते. ज्या खोलीत कुंडी असते त्याच खोलीत आपली मुले झोपतात, तेथेच आपण जेवतो. म्हणून विषारी फवाऱ्याला हात घालण्यापूर्वी चौकशी पुरी होणे अगत्याचे आहे.

एके काळी बड्यांच्या बागेत दिसणारे हे फूल ऊतिसंवर्धनामुळे आता सामान्यांच्या खिडकीत आले आहे. त्यातही पतंगासारख्या फुलांचे फॅलेनॉप्सिस सर्वांत अधिक आढळते, म्हणून आम्ही त्यालाच समोर ठेवून बोलणार आहोत. त्याचा स्वभाव मात्र गुलाबाचा किंवा तुळशीचा नव्हे. आपल्या सह्याद्रीत आंब्या-फणसाच्या खोडावर ‘सीतेची वेणी’ फुलते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन कळेल. ती झाडावर वाढते, पण बांडगुळासारखी त्याचा रस शोषीत नाही. तिची मुळे उघड्यावर असतात. पावसात चिंब होतात आणि वाऱ्याने सुकतात. भिजणे आणि सुकणे, दोन्ही त्या मुळांना हवे असते. घरातील ऑर्किडची निम्मी दुखणी ही एक गोष्ट विसरल्याने होतात.

निदानातील खरी अडचण अशी की, एकच लक्षण दोन निरनिराळ्या, कधी अगदी उलट कारणांनी दिसते. म्हणून लक्षण दिसताच निवाडा न देता आणखी एक प्रश्न विचारावयाचा, हेच या विषयाचे सार आहे. चार उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण सुरकुतलेल्या पानांचे. पाने मऊ पडून लोंबू लागली की घरातील मंडळी म्हणतात, झाडाला तहान लागली, पाणी घाला. तहान लागलेली असतेच, पण का, हा प्रश्न राहतो. पाणी कमी पडले तरी पान सुरकुतते, आणि पाणी जास्त होऊन मुळे कुजली तरीही सुरकुतते. कारण कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. उत्तर पानावर मिळत नाही, ते कुंडीत असते. मुळाभोवती स्पंजासारखे एक आवरण असते. कोरडे असता ते रुपेरी दिसते. भिजले की आतला हिरवा रंग वर उमटतो. बोटांनी दाबून पाहावे. निरोगी मूळ टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी आणि पोकळ असते. ओढले तर साल हाती येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. मुळे टणक व रुपेरी असतील तर पाणी वाढवावे. कुजलेली असतील तर ती स्वच्छ कात्रीने कापून झाड नव्या, भरड सालीत लावावे. तेथे आणखी पाणी घालणे म्हणजे बुडत्याला पाणी पाजणे होय. कुंडीवर बारीक काळ्या माश्या घोंघावू लागल्या तर तीही एक साक्षच समजावी. आतली साल कुजून ओली राहत असल्याचे त्या सांगतात.

दुसरे उदाहरण पानावरील काळ्या डागाचे. येथे विचारावयाचे तीन प्रश्न : डाग कोठे आहे, कोरडा आहे की ओला, आणि वाढतो आहे की थांबला आहे? खिडकीकडच्या, उन्हाला सामोऱ्या भागावर आधी फिकट पडून मग तपकिरी झालेला, कोरडा, कडा स्पष्ट असलेला आणि न वाढणारा डाग हा उन्हाचा चटका होय. त्याला औषध नाही आणि त्याची गरजही नाही. कुंडी थोडी आत सरकवावी. उलट डाग पाणचट असेल, दाबला तर पाणी सुटत असेल, दुर्गंधी येत असेल आणि काल नखाएवढा होता तो आज रुपयाएवढा झाला असेल, तर जिवाणूंची कूज लागली आहे असे समजावे. येथे उद्यावर टाकणे महागात पडते. झाड इतरांपासून दूर न्यावे, निरोगी भागात थोडे आत शिरून रोगट भाग कापावा आणि जखम कोरडी राहू द्यावी. मधल्या शेंड्यात रात्रभर पाणी साचले तर ही कूज गाभ्यात उतरते, मग पाने बुडापासून सुटून हाती येतात. म्हणून पाणी सकाळी घालावे आणि शेंड्यातले टिपून घ्यावे. अगदी खालचे एखादे जुने पान सावकाश पिवळे होऊन गळत असेल, तर तो रोग नव्हे; ते पान आपली नोकरी पुरी करून निवृत्त होत असते.

तिसरे उदाहरण चिकट थेंबांचे. फुलांच्या दांड्यावर किंवा कळीच्या देठाशी स्वच्छ, गोड थेंब दिसतात. पुष्कळदा तो झाडाने स्वतःच सोडलेला मधुरस असतो आणि त्यात काही बिघडलेले नसते. परंतु पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले कीड यांच्या अंगातूनही असाच चिकट रस पाझरतो. त्यावर मुंग्या येतात, पुढे काळी काजळी धरते. तेव्हा थेंब पुसून किडा शोधावा. पानांच्या बेचक्यात, पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेलगत भिंग घेऊन पाहावे. किडा नसेल तर आरोपच उभा राहत नाही.

कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो बहुधा पिठ्या ढेकूण असतो. मात्र येथेही घाई नको. एका जातीच्या खवले किडीतील नरांचे पुंजके तसेच कापसासारखे दिसतात. त्यांच्या शेजारी गोल, चपटे, नखाने खरवडून निघणारे मादीचे खवले सापडतात. खवल्याखालच्या किडीला वरचा फवारा पोचत नाही, म्हणून ती आधी खरवडून काढावी लागते. दोन्हींवर पहिला उपाय हाताचाच आहे : सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या बोळ्याने प्रत्येक किडा पुसून काढणे. एकदा करून भागत नाही. अंडी आणि बारीक पिले लपून राहतात, काही मुळांतही असतात. म्हणून आठवड्याने पुन्हा, असे काही आठवडे चिकाटीने करावे.

चौथे उदाहरण पानाची तुकतुकी जाऊन त्यावर रुपेरी, बारीक ठिपक्यांची छटा येते त्याचे. पुष्कळांना ती धूळ वाटते. पानाची पाठ पांढऱ्या कागदाने पुसावी, आणि कागदावर तांबूस रेघ उमटली किंवा ठिपके चालू लागले तर ते कोळी होत. उन्हाळ्यातील कोरड्या, गरम हवेत ते झपाट्याने वाढतात. काही जाती बारीक जाळेही विणतात. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, आणि कीटकांसाठी केलेली पुष्कळशी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. निदान चुकले की पैसा जातो, विष घरात पसरते आणि कोळी मात्र सुखाने नांदतो. दोन्ही बाजूंनी पाने पाण्याने वारंवार धुणे हा पहिला उपाय होय.

एका ठिकाणी मात्र डोळ्यांच्या साक्षीवर विसंबता येत नाही. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडचे दोन विषाणू जगभर पसरलेले आहेत. पानावर फिकट पट्टे किंवा वलये, फुलांत रंगाची फुटीर नक्षी अशी चिन्हे कधी दिसतात, कधी मुळीच दिसत नाहीत. आणि तशीच चिन्हे दुसऱ्या कारणांनीही येतात. खात्री केवळ चाचणीने होते. बाधित झाडाला औषध नाही. हे विषाणू एका झाडाला लावलेल्या कात्रीवरून दुसऱ्या झाडात जातात. म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्रीचे पाते ज्योतीवर तापवून मगच पुढच्या झाडाला लावावे.

तात्पर्य, नवी कुंडी घरात आली की काही आठवडे वेगळी ठेवावी, आठवड्यातून एकदा प्रत्येक झाड उलटसुलट करून पाहावे, आणि दोष दिसताच मूळ, पान, पाठ, बेचके या क्रमाने चौकशी करावी. पाणी, बोळा आणि कात्री यांनी न भागल्यासच औषधाकडे वळावे. आणि तेही निदान झालेल्या रोगापुरते, वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे, कुंडी मोकळ्या हवेत नेऊन. झाडाला आपली बाजू मांडता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने प्रश्न विचारणे हे पाळणाऱ्याचे काम आहे. ते ज्याने केले त्याच्या कुंड्यांपैकी फारच थोड्या उकिरड्यावर जातील.