फोन म्हणतो, ‘हजर, बाई!’

एक गंमत करू या? हा अंक जरा बाजूला ठेव आणि घरात किती फोन आहेत ते मोजून ये. पळ!

झाले मोजून? आईचा एक, बाबांचा एक, आजीचा बटणांचा एक. म्हणजे तीन? थांब, थांब! बाबांच्या फोनमध्ये डबल सिम असेल तर? एक सिम जुन्या नंबरासाठी आणि दुसरं, ‘याला शेतात रेंज येते’ म्हणून! मग फोन तीन, पण जोडण्या झाल्या चार. आणि भिंतीवर मिणमिण दिवे लावून बसलेला तो वायफायचा डबा? तोसुद्धा मोजायचा बरं का!

आता अशी मोजणी अख्ख्या भारताची करायची म्हटली तर? घाटाखालच्या शेगावची, घाटावरच्या लोणारची आणि पार काश्मीर ते कन्याकुमारीची! कोण करत असेल एवढा खटाटोप?

दिल्लीत एक सरकारी संस्था आहे. नाव ऐक हं, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. दम लागला ना? म्हणून सगळे तिला नुसतं ‘ट्राय’ म्हणतात. ती 1997 साली सुरू झाली. फोन कंपन्या दर महिन्याला आपापले आकडे तिच्याकडे पाठवतात. ट्राय ते मांडते आणि सगळ्यांना दाखवते. म्हणजे कंपन्यांचं प्रगतिपुस्तकच, तेही दर महिन्याला! (आपलं दर महिन्याला येत नाही, हे किती बरं!)

मार्च 2024 संपला तेव्हा देशात किती फोन जोडण्या होत्या, सांग बरं? 119 कोटी 92 लाख! आणि 1947 साली, देश स्वतंत्र झाला तेव्हा? एक लाखसुद्धा नव्हत्या!

त्याच महिन्याअखेर इंटरनेटच्या जोडण्या होत्या 95 कोटी 44 लाख. फोनपेक्षा कमी का? आजीचा बटणांचा फोन आठव. तो फक्त बोलतो आणि ऐकतो. म्हणून तो पहिल्या यादीत आहे, दुसऱ्या यादीत नाही.

मग आपला बुलढाणा जिल्हा या हिशोबात कुठे सापडतो? मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या आठव. तिखटाची वेगळी, हळदीची वेगळी. ट्रायच्या डब्यात अशा 22 वाट्या आहेत. त्यांना म्हणतात ‘सर्कल’. आपण आहोत महाराष्ट्राच्या वाटीत. आणि आपल्या वाटीत आणखी कोण आहे, ओळख! गोवा! हो, तो समुद्रावरचा गोवा! आणि मुंबई? ती आपल्या वाटीत नाहीच. तिची वाटी वेगळी. नकाशात महाराष्ट्रात असलेली मुंबई फोनच्या हिशोबात बाहेर, आणि नकाशात बाहेर असलेला गोवा आत! आहे की नाही मज्जा?

वाटीत पडलं की बुलढाण्याचा आकडा काही वेगळा दिसत नाही. पण लँडलाइनच्या जमान्यातली एक खूण अजून आहे. आधी कोड फिरवायचा, मग नंबर. बुलढाण्याचा कोड 07262, खामगावचा 07263, चिखलीचा 07264. लोणारचा 07260 आणि सिंदखेडराजाचा 07269. दिसतंय का काही? शेवटचा आकडा सोडला तर सगळे सारखेच! एकाच बाकावर बसलेली, लागोपाठ हजेरी क्रमांकांची मुलंच जणू.

आता हजेरीवरून मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. जवळ ये!

तुझ्या वर्गाच्या पटावर समज 40 मुलं आहेत. पण रोज 40 जण येतात का? कुणाला ताप, कुणी मामाच्या गावाला, कुणी नुसतंच कंटाळून. पट वेगळा, हजेरी वेगळी. फोनचंही अगदी तसंच! कंपन्यांच्या पटावर सिम असतात ढीगभर. पण काही सिम खोक्यात पडलेली, काही बंद फोनमध्ये झोपलेली. मग खरोखर चालू किती, हे कसं कळणार?

ओळख बरं! फोन स्वतःच हजेरी देतो!

खरंच! तू फोनला हात लावला नाहीस, तरी तो मधूनमधून टॉवरला हळूच सांगतो, ‘मी इथे आहे हं!’ आपल्याला काही ऐकू येत नाही. पण कंपनीच्या संगणकात एक वही असते, तिच्यात लगेच नोंद होते. एसटीने राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालं, की फोन मागचा टॉवर सोडतो आणि पुढचा धरतो. तिथेही परत ‘हजर, बाई!’

त्या वहीला इंजिनिअर लोक ‘व्हीएलआर’ म्हणतात. त्यातला ‘व्ही’ म्हणजे व्हिजिटर. पाहुणा! आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर पडलेला फोनसुद्धा या वहीत पाहुणाच! नाव कुणी ठेवलं असेल हे?

आणि ही बाई कडक आहे हं. फोन सलग बंद राहिला, तर जास्तीत जास्त 72 तास वाट बघायची, असा ट्रायच्या मोजणीचा नियम आहे. 72 तास म्हणजे तीन दिवस. मग त्याचं नाव वहीतून खोडायचं. शुक्रवारी रात्री बंद पडलेला फोन मंगळवारी हजेरीत नाही!

पण थोडी मायाळूही आहे. महिन्यात ज्या दिवशी कंपनीची हजेरी सर्वांत जास्त भरते, तोच दिवस मोजायला धरतात. तुझ्या शाळेत असं असतं, तर सहलीचा दिवस धरला असता! तेव्हा कुणीच घरी राहत नाही ना! एवढं करूनही देशात पटावरच्या शंभर मोबाइल जोडण्यांपैकी साधारण नव्वदच हजर निघतात.

पुढची गंमत कचोरीची. शंभर माणसांमागे किती फोन, असा एक आकडा ट्राय काढते. मार्च 2024 अखेर शहरांत तो होता सुमारे 134. म्हणजे शेगाव स्टेशनवर शंभर माणसं उतरली आणि त्यांच्यात कचोऱ्या वाटल्या 134! काहींच्या द्रोणात दोन दोन. डबल सिमवाले, आणखी कोण! आणि गावांत? शंभरांत सुमारे 59 कचोऱ्या. आता लक्षात ठेव, त्या शंभरात पाळण्यातलं बाळही मोजलंय. त्याला कशाला हवी कचोरी?

दिल्लीचा आकडा तर 200 च्याही वर जातो! दिल्लीकर काय खिसे भरभरून फोन घेऊन फिरतात? छे! खरी गोम वेगळीच आहे. दिल्लीच्या वाटीत शेजारच्या नोएडा आणि गुरुग्रामचे मोबाइलही मोजतात, कारण तिथली फोनव्यवस्था दिल्लीला जोडलेली. पण माणसं मोजायची वेळ आली की फक्त दिल्लीचीच! म्हणजे ताटं शेजाऱ्यांचीही मोजली, पाहुणे मात्र आपल्याच घरचे. मग ताटं जास्त भरणारच की! म्हणून कुठलाही मोठ्ठा आकडा दिसला, की मी आधी विचारते, ‘कशाला कशाने भागलंय?’

आकडे खाली-वरही होतात. जुलै 2024 मध्ये तीन खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केलं. मग काय झालं असेल? एका गाडीवर भेळ महाग झाली की आपण पलीकडच्या गाडीवर जातो ना? तस्संच! त्या एका महिन्यात सरकारी बीएसएनएलच्या पटावर सुमारे 29 लाख जोडण्या वाढल्या. आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सुमारे 25 लाख 86 हजार माणसं होती. म्हणजे अख्ख्या बुलढाणा जिल्ह्याहून जास्त!

आणि लँडलाइन? तुला वाटत असेल, ती संपली. मलाही तसंच वाटायचं! 2006 च्या सुमारास देशात सुमारे 5 कोटी लँडलाइन होत्या. मग मोबाइल आले, आणि 2020 पर्यंत त्या घसरत घसरत 2 कोटींवर आल्या. गेल्याच म्हणायच्या! पण मार्च 2024 ला बघतो तो काय? पुन्हा सुमारे 3 कोटी 38 लाख! कोणी जिवंत केल्या? त्या मिणमिणत्या वायफायच्या डब्याने! त्याच्यापर्यंत येते फायबरची तार. तार कसली, केसासारखा बारीक काचेचा धागा, आणि त्यातून धावतो चक्क उजेड! नेटसाठी लोकांनी हा धागा घरात घेतला, आणि त्याच्यासोबत लँडलाइनचा नंबरही आला. धान्याच्या पोत्यातून मांजराचं पिल्लू घरात यावं ना, तसा!

बरं, किराणा दुकानात ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असं ओरडणारा डबा ऐकलायस ना? त्याच्याही पोटात सिम असतं! वस्तूंसाठी तर वेगळे नंबर ठरवलेत. आपले नंबर 10 आकडी, त्यांचे 13 आकडी.

आता जा आणि खणात जुनं सिम पडलंय का बघ. बॅलन्स नसलेलं, 90 दिवस कुणी न वापरलेलं सिम कंपनी बंद करू शकते. पटावरून नावच कमी! मग थोड्या दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याच कुणाला तरी मिळतो. म्हणूनच तर भर दुपारी, सगळे झोपलेले असताना फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी जोरात विचारतं, ‘हॅलो, भाऊसाहेब का? बैलजोडी विकली का?’