कावेरीच्या पाण्यावर वाढलेलं व्हायोलिन

तंजावर म्हटलं की आपल्याला भोसल्यांची गादी आठवते, सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. मला आधी व्हायोलिन आठवतं. जगभर मैफली गाजवणाऱ्या आपल्या वादकांविषयी लिहिताना सुरुवात बहुधा रविशंकरांपासून होते. माझ्या मते ती सव्वाशे वर्षं मागे, सरफोजीराजांच्या दरबारात न्यायला हवी.

दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ गादीवर होते. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाला युरोपातल्या ग्रंथांचं आणि विद्यांचं कधीच वावडं नव्हतं. त्याच्याच पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. भरतनाट्यमची आजची मांडणी ही त्यांचीच देणगी. धाकटा वडिवेलु व्हायोलिनही वाजवायचा. पुढे तो त्रावणकोरला गेला आणि १८३४ साली स्वाती तिरुनाल महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिलं. या भावांचे गुरू मुत्तुस्वामी दीक्षितर तिरुवारूरचे. त्यांचे बंधू बालुस्वामी हेही व्हायोलिन शिकलेले. साहेबाच्या बँडमधलं वाद्य कर्नाटक संगीतात रुजलं ते अशा मोजक्या हातांनी.

मग साहेबाचाच पियानो का नाही रुजला? पियानोची पट्टी दाबली की स्वर जागच्या जागी उमटतो, त्याला हलवता येत नाही. कर्नाटक संगीताचा जीव तर गमकात. तिथे स्वर झुलतो, शेजारच्या स्वराला स्पर्श करून परततो. व्हायोलिनच्या तारेवर हे सारं जमतं. त्यासाठी इथल्या वादकांनी दोनच गोष्टी बदलल्या, बैठक आणि तारांची जुळणी. जमिनीवर मांडी घालायची, उजवा पाय जरा पुढे घ्यायचा, वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवायचं आणि दुसरं टोक छातीशी. वाद्याचा भार पायाने घेतला की डावा हात मोकळा होतो, तारेवर वरखाली हवा तसा सरकतो. तारा लावायच्या सा-प-सा-प. एवढ्यानेच ते वाद्य इथलं झालं.

या परंपरेतून युरोपच्या रंगमंचावर गेले लालगुडी जयरामन (१९३०–२०१३). त्रिचीजवळचं लालगुडी हे त्यांचं गाव, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्यावरचं. पणजोबा रामा अय्यर हे रचनाकार त्यागराजांचे शिष्य. वडील गोपाल अय्यर यांच्याकडे तालीम झाली आणि बाराव्या वर्षी ते साथीला बसू लागले. साथीची ती वर्षं मला फार मोलाची वाटतात. गवयाच्या तोंडून अक्षर निघतं त्याच क्षणी गज वळवायचा, शब्द तारेवर ऐकू आला पाहिजे, ही त्यांची शिस्त. जाणकार ऐकताना रचनेचे शब्द मनात म्हणू शकतात, ते या गजामुळे. १९६६ साली त्यांनी तिरुवारूरच्या एन. रमणी यांची बासरी आणि आर. वेंकटरामन यांची वीणा जोडीला घेऊन तीन वाद्यांची मैफल बांधली, तेव्हाही तोल गायकीकडेच होता. १९७९ साली बगदादच्या आशियाई स्पर्धेत त्यांचं ध्वनिमुद्रण सर्वोत्कृष्ट ठरलं.

एडिंबरा महोत्सवाचं तंजावरशी काही नातं असावं, असं तारखा पाहून वाटतं. १९६३ साली तिथे भरतनाट्यम नर्तकी बालासरस्वती नाचल्या. त्यांचे गुरू कंदप्पा पिल्लै वडिवेलुच्याच घराण्यातले. १९६५ साली तिथे जयरामन वाजवायला गेले. परदेशी श्रोत्यांसाठी त्यांनी आपलं संगीत सोपं केलं नाही, याचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो. तिथे यहुदी मेन्युहिन यांनी त्यांचं वादन ऐकलं. हे वाद्य जिथून आलं, त्या पाश्चात्त्य संगीतातल्या सर्वांत नावाजलेल्या वादकांपैकी ते एक. त्यांनी आपलं इटालियन व्हायोलिन जयरामन यांना भेट दिलं.

पुढे मेन्युहिन भारतात आले, तेव्हा जयरामन यांनी त्यांच्या हाती हस्तिदंती नटराज ठेवला.