कुलरमध्ये बर्फ टाकण्याआधी

नवतपा लागला की नागपुरात बर्फाच्या लाद्या दोन ठिकाणी जाताना दिसतात. काही रसवंतीवर, काही कुलरच्या टाकीत. रसवंतीवरच्या बर्फाबद्दल काही म्हणणं नाही, तो आपलं काम चोख करतो. कुलरच्या टाकीत टाकलेल्या बर्फाचे पैसे मात्र पाण्यात जातात.

"पाणी जितकं गार, तितकी कुलरची हवा गार" हा समज इतका पक्का आहे की चांगली शिकलेली माणसंही दुपारी दोन वाजता गोणपाटात बर्फ बांधून आणतात. पण कुलर चालतो तो पाणी उडून जाण्यावर. ताट्यांवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या कोरड्या हवेत उडतं आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्याच हवेतून ओढून घेतं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेतं. एक ग्रॅम बर्फ वितळताना घेतो फक्त ८०. म्हणजे नळाचं फुकटचं पाणी विकतच्या बर्फापेक्षा सातपट कामाचं.

हिशोब करून पाहू. खोलीचा बऱ्यापैकी कुलर मे महिन्यात तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो, मोठा लोखंडी त्याहून जास्त. टाकीत दहा किलो बर्फ टाकला, तर तो वितळून त्याचं पाणी टाकीच्या पाण्याइतकं होईपर्यंत जेवढी उष्णता घेतो, तेवढी उष्णता घ्यायला दोन लिटरसुद्धा पाणी उडावं लागत नाही. दहा किलो बर्फाची एकूण कमाई कुलरच्या दहा-बारा मिनिटांच्या नेहमीच्या कामाएवढी. शिवाय पाणी बर्फगार असेपर्यंत ते उडतंही कमी, म्हणजे बर्फ निम्मं काम करतो ते पाण्याच्या वाट्याचंच. थोडा वेळ झुळूक जास्त गार लागते, नाही असं नाही, पण ती फार टिकत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. "टाकीचं पाणी उन्हानं तापलंय, कुलर काय थंड करणार?" असं म्हणून लोक पाणी बदलतात. अर्धा तास चाललेल्या कुलरच्या टाकीत हात घालून बघा. बाहेर ४५ अंश असताना आत पाणी गारेगार लागतं, कारण ताट्यांवरून फिरून फिरून ते स्वतःच निवलेलं असतं. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता ही नागपूरची नेहमीची मे महिन्यातली दुपार. अशा हवेत उडणारं पाणी साधारण २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. चांगल्या ताट्यांचा कुलर हवा २८-२९ पर्यंत आणतो. त्यामुळे पैसे खर्चायचेच असतील तर नव्या ताट्यांवर खर्चा, आणि खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवा. ओलसर हवा बाहेर गेलीच नाही तर पाणी उडणार कुठे? जुलैत तोच कुलर नुसता चिकचिकाट करतो तो याच कारणानं.

सरबताच्या ग्लासात मात्र बर्फाला तोड नाही, आणि तिथेही गैरसमज आहेच. बर्फ "थंड असतो म्हणून" सरबत थंड करतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो वितळतो म्हणून थंड करतो. फ्रीझरमधला उणे १८ अंशांचा खडा शून्यावर येईपर्यंत ग्रॅममागे जेमतेम ९ कॅलरी घेतो. पुढे शून्यावरच राहून, पारा तसूभरही न हलता, नुसता वितळताना ८० घेतो. छतावरच्या टाकीतून आलेलं ४० अंशांचं २०० मिलिलिटर पाणी १० अंशांवर आणायला सत्तर ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरतो, म्हणजे ट्रेमधले तीन-चार खडे. आता त्याच वजनाचे स्टीलचे 'क्यूब' घ्या. "वितळत नाहीत, चव पातळ होत नाही" अशी जाहिरात करून ते विकतात. फ्रीझरमधून काढून त्याच पाण्यात टाकले तर पाणी ४० वरून ३८ च्या जवळपास येईल. वितळत नाहीत हाच त्यांचा दोष. तीन-चार खड्यांचं पाणी नको असेल तर सरबत आधीच थोडं घट्ट करावं, हे कोणत्याही आजीला ठाऊक आहे.

ग्लासाबाहेर जमणारे थेंब आतून पाझरत नाहीत, ते हवेतल्या बाष्पाचे असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. मुंबईकर पाहुण्याला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मेच्या भर दुपारी नागपुरात गार सरबताच्या ग्लासाला फारसा घाम फुटत नाही. इथली हवा इतकी कोरडी असते की दहा-बारा अंशांच्या काचेवरही बाष्प नीट जमत नाही. पावसाळा सुरू झाला की त्याच ग्लासाखाली टेबलावर तळं साचतं.

आता मीठ. कुल्फीवाल्याच्या लाल फडक्यानं गुंडाळलेल्या माठात बर्फाबरोबर जाडं मीठ असतं. का, असं विचारलं तर दहातले नऊ जण सांगतील, "बर्फ टिकावा म्हणून." नेमकं उलट आहे. मिठानं बर्फ लवकर वितळतो, आणि त्यासाठीच ते घातलेलं असतं. नुसता वितळता बर्फ शून्य अंशाखाली जात नाही. कुल्फीच्या आटवलेल्या दुधात साखर असते, त्यामुळे ते शून्यावर गोठत नाही, त्याच्याही दोन-तीन अंश खाली गोठायला सुरुवात होते. म्हणजे नुसत्या बर्फात साचा रात्रभर पुरून ठेवला तरी आत दूधच राहणार. मीठ पडलं की बर्फाच्या पृष्ठभागावर खारं पाणी होतं. खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू खाली असल्यानं बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो. वितळायला उष्णता हवी, ती बाहेरून पुरेशी मिळत नाही, मग तो ती स्वतःतून आणि लगतच्या साच्यातून खेचतो. सगळं मिश्रण गार होत जातं. बर्फ आणि मिठाचं प्रमाण वजनानं साधारण तिनास एक ठेवलं तर उणे २१ अंशांपर्यंत मजल जाते, त्याखाली मिठाचं काही चालत नाही. हातानं फिरवायच्या आईस्क्रीमच्या पॉटचं तंत्रही हेच. पॉटमधलं खारं पाणी चटके बसावेत इतकं गार असतं, बोटं जपा.

बर्फ टिकवायचं काम करतो तो भुसा आणि गोणपाट. "एवढ्या उन्हात वर गोणपाट टाकलं तर आणखी वितळेल ना?" हा प्रश्न लहान मुलांचा नाही, मोठेही विचारतात. घोंगडी माणसाला ऊब देते ती स्वतः गरम असते म्हणून नव्हे. ती उष्णतेची ये-जा अडवते, मग आत माणूस असो की लादी. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं 'टस्कनी' जहाज तळ्यांतून कापलेला सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कोलकात्याला पोचलं तेव्हा त्यात शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. यंत्र काही नव्हतं, सगळी करामत आवरणाची. घरच्या पाहुणचारासाठी लादी आणलीत तर एवढंच पाहा की वितळलेलं पाणी निथळून जाईल. स्वतःच्याच पाण्यात बसलेली लादी कोरड्या जागेवरच्या लादीपेक्षा लवकर संपते.

घरातल्या फ्रीजकडे वळू. एकदारी फ्रीजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर साचला की "आपला फ्रीज काय कूलिंग देतो!" अशी तारीफ होते. तो थर म्हणजे दार उघडताना आत शिरलेलं बाष्प, आणि तो उष्णता अडवतो. थर जाड झाला की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बिल वाढतं, ट्रेमधलं पाणी गोठायला उशीर लागतो. तो सुरीनं खरवडणाऱ्यांना मेकॅनिक मनातल्या मनात दुवा देत असणार, नळीला भोक पडलं की गॅस गेला. बटण बंद करा, वितळू द्या.

याच थराशी एक जुना वाद जोडलेला आहे. "गरम पाणी थंड पाण्यापेक्षा लवकर गोठतं" असं म्हणणारा कुणीतरी प्रत्येक घरात असतो. १९६३ साली टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाला आईस्क्रीम करताना असं दिसलं. शिक्षक हसले, पण पुढे डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकाबरोबर त्याचा लेख १९६९ मध्ये छापून आला. त्यानंतर पुष्कळ प्रयोग झाले. २०१६ मध्ये बरिज आणि लिंडेन यांनी काटेकोरपणे मोजून पाहिलं, तेव्हा त्यांना याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. तरी घरात कधीकधी असं होताना दिसतं त्यामागे एक साधं कारण असू शकतं. गरम ट्रे आपल्याखालचा हिमाचा थर वितळवून थेट धातूला टेकतो, थंड ट्रे मात्र थरावरच बसून राहतो. यावर विसंबून कढत पाणी फ्रीझरमध्ये ठेवू नये, शेजारचं दूध तापतं.

पाणी गोठायला हवा शून्यावर यावी लागते, हेही पूर्ण खरं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. ते मोजमाप जमिनीपासून माणसाच्या उंचीवरच्या हवेचं. निरभ्र, निवांत, कोरड्या रात्री जमिनीलगतचं गवत, पत्रा, उथळ पाणी आपली उष्णता थेट आकाशात सोडतं आणि हवेपेक्षा कितीतरी गार होतं. अलाहाबादेत अठराव्या शतकात हाच धंदा होता. खड्ड्यात काडांचा जाड थर, त्यावर मातीच्या उथळ थाळ्या, त्यात पाणी. पहाटे बर्फाचे पापुद्रे गोळा करून साठवायचे. रॉबर्ट बार्करनं १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याचं वर्णन कळवलं.

शेवटी, ज्यात पोटाचा प्रश्न आहे ती गोष्ट. "काचेसारखा बर्फ शुद्ध, पांढरा बर्फ अशुद्ध." ट्रेमधला खडा मधोमध पांढरा दिसतो तो मुख्यतः हवेमुळे. पाणी बाहेरून आत गोठत येतं, स्फटिकात न मावणारी विरघळलेली हवा आणि क्षार आत ढकलले जातात आणि मध्यभागी बुडबुडे होऊन अडकतात. कारखान्यात मिठाच्या गार पाण्यात साचे बुडवून लाद्या करतात आणि गोठता गोठता साच्यात नळीनं हवा फुंकत राहतात. पाणी हलतं राहिल्यानं बुडबुडे चिकटत नाहीत, लादी आरपार दिसते. विहिरीच्या गढूळ नसलेल्या पण दूषित पाण्याचीही तशीच सुंदर लादी होते.

"गोठल्यावर जंतू मरतात" हा त्याचाच धाकटा भाऊ. काही मरतात, आजारी पाडायला पुरेसे उरतात. टायफॉइडचे जिवाणू, काविळीचा हेपॅटायटिस ए विषाणू बर्फात तग धरतात आणि ग्लासात उतरल्यावर कामाला लागतात. मासळी, शवागार, कुलर यांसाठी खाण्याच्या दर्जाचा नसलेला बर्फही बनतोच. तो ओळखू यावा म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये त्यात निळा रंग घालणं सक्तीचं केलं, दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत. म्हणून गोळेवाल्याच्या रंध्यावर निळसर लादी दिसली तर पुढे चालू लागावं, त्यावर काळा खट्टा ओतला की निळं काही दिसत नाही. पण लादी निळी नाही एवढ्यावरून ती पिण्याच्या पाण्याची ठरत नाही. बर्फ कुठल्या कारखान्याचा, तिथे खाद्य बर्फाचा परवाना आहे का, हे विचारायला हरकत नाही, गोळेवाले सहसा रागवत नाहीत. घरी करायचा तर पाणी उकळून, निवल्यावर ट्रे लावा. बर्फ तरीही मधोमध थोडा पांढरा दिसेलच.